हौदातली माकडीण आणि पन्हाळ्याच्या उतारावरची माकडीण

करवंदजाळी | १४ जून, सकाळी ७.४०

अकबर-बिरबलाच्या गोष्टींतील हौदातली माकडीण आपल्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख होण्याआधीच भेटलेली असते. हौदात खांब रोवतात, माकडिणीला पिल्लासह आत सोडतात आणि पाणी चढवू लागतात. ती पिल्लाला आधी पोटाशी, मग खांद्यावर, मग डोक्यावर धरते, आणि पाणी नाकाला लागताच त्याला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. मी ३१ वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आणि सस्तन प्राण्यांच्या संगोपनाचा पाठ सुरू झाला, की मागच्या बाकावरून ही माकडीण हमखास वर्गात येत असे. गोष्टीवर माझा राग नाही. परंतु त्या हौदात माकडीण घटकाभरच असते आणि तिचे आईपण चालते ते बाकीच्या सगळ्या दिवसांत, हे मला तेव्हा नीट मांडता आले नाही. निवृत्तीनंतर पन्हाळ्याच्या पायथ्याला, वाघबीळच्या बाजूच्या आमच्या जुन्या घरी राहायला आल्यापासून ते मांडण्याइतके डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून हा धागा काढते.

आधी प्राण्याची ओळख करून देते, कारण आपल्याकडे माकड आणि वानर यांची सर्रास गल्लत होते. आमच्या परड्यामागच्या उतारावर एक उंबर, दोन रायवळ आंबे आणि करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि तेथे येणारी टोळी माकडांची आहे, काळ्या तोंडाच्या लांबशेपट्या वानरांची नव्हे. या माकडाच्या डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे चहूकडे पसरलेले असतात, म्हणून त्याला टोपी माकड म्हणतात. तो दक्षिण भारताबाहेर रानात कोठेही आढळत नाही आणि आपला भाग त्याच्या वस्तीच्या उत्तर टोकाकडे येतो. मादीचे गर्भारपण साधारण साडेपाच महिन्यांचे असते, एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते आणि बहुतेक पिल्ले फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जन्मतात.

यंदा महाशिवरात्रीपासून मृग लागेपर्यंत मी तीन माद्यांच्या नोंदी ठेवल्या. एकीचा उजवा कान फाटलेला आहे, तिला मी कानतुटी म्हणते. दुसरी पहिलटकरीण, ती नवखी. तिसरी म्हातारी, जिला यंदा पिल्लू झाले नाही. नोंदींची रीत जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली नेमकेपणाने मांडली, तीच आहे: एका वेळी एकच प्राणी ठरवायचा, ठरलेला वेळ संपेपर्यंत फक्त त्याच्याकडे पाहायचे, आणि शेजारी कितीही रंगतदार भांडण जुंपले तरी मान वळवायची नाही. हे ऐकायला सोपे वाटते, पण माझ्या विद्यार्थ्यांना ते कधी जमले नाही. त्यांचे डोळे लगेच दात विचकणाऱ्या नराकडे धावत आणि पिल्लू घेऊन बसलेल्या मादीपुढे ‘काही करीत नाही’ एवढेच लिहिले जाई.

ती ‘काही न करणारी’ मादी काय करते, ते आता सांगते. बाळंत होण्यापूर्वी कानतुटी उंबराच्या शेंड्याकडच्या फांद्यांवर खात असे, कारण पिकलेली उंबरे तेथे जास्त असतात आणि भांडणेही तेथेच होतात. होळीच्या सुमारास एका सकाळी ती पिल्लासह दिसली, आणि त्या दिवसापासून तिची जागा बदलली. ती बुंध्याजवळच्या जाड फांदीवर, खोडाला पाठ लावून आणि बहुतेक वेळा म्हातारीच्या शेजारी बसू लागली. पिकलेल्या उंबरांवरचा हक्क तिने सोडून दिला आणि हाताच्या अंतरावर मिळेल तो कोवळा पाला, कच्ची फळे, सालीखालचे किडे यांवर भागवू लागली. पहिले काही दिवस चालताना एक हात पिल्लाच्या पाठीखाली असे, म्हणजे तिची चाल तीन पायांची झाली होती. उडी मारण्यापूर्वी ती थांबे, खाली पोटाकडे पाही, पिल्लाची मूठ केसांत घट्ट आहे याची जणू खात्री करी आणि मग उडी घेण्याऐवजी पुष्कळदा लांबचा वळसा घेऊन जाई.

टोळी पुढे निघाली की पूर्वी मधल्या भागात चालणारी ही मादी आता मागे राहू लागली, आणि मागे राहणे कुत्र्यांमुळे धोक्याचे असल्याने तिला वारंवार धावत टोळी गाठावी लागे. पिल्लामुळे बसून राहावे लागते आणि बसून राहिल्यामुळे धावावे लागते, असा हा व्याप आहे. त्यातच भूक वाढलेली. माकडांचे दूध मनुष्याच्या दुधासारखेच पातळ असते: त्यात साखर पुष्कळ, प्रथिने आणि मेद बेताचे. सशीण आपल्या पिल्लांना दिवसातून एखाद्या वेळीच पाजते, कारण तिचे दूध दाट असते. माकडिणीला मात्र दिवसभर आणि रात्रीही थोडे थोडे पाजत राहावे लागते, त्यामुळे पिल्लू अंगावर वागवणे आणि पाजणे ही दोन निराळी कामे राहतच नाहीत. ऑल्टमन यांनी केनियातील अंबोसेली येथे बबून माद्यांचा जो अभ्यास केला, त्यात पिल्लू वाढू लागते तसा आईचा खाण्यावरचा वेळ वाढत जातो असे दिसले. इथिओपियातील जेलाडा माकडांमध्ये रॉबिन डनबार यांना असे आढळले, की हा वाढीव वेळ आई प्रथम आपल्या विश्रांतीतून काढते आणि मैत्रिणींचे अंग साफ करण्यात जाणारा वेळ शक्य तोवर राखून ठेवते. मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही. झोप मोडून शेजारीण राखणे हा व्यवहार आपल्या आळीतही चालतो.

आता जे दृश्य पाहून हौदाची गोष्ट आठवली, ते सांगते. मे महिन्याच्या अखेरीस कानतुटीच्या पिल्लाला आमच्या परड्यात सांडलेली भुईमुगाची शेंग सापडली. त्याने ती तोंडात धरली, चावता येत नव्हती. कानतुटीने त्याचे डोके एका हाताने धरले, दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याच्या तोंडातून शेंग काढून घेतली, फोडली, दाणे स्वतःच्या गालपिशवीत टाकले आणि टरफल खाली टाकून दिले. पिल्लू किंचाळले. माझी नातसून शेजारी उभी होती, ती म्हणाली, “कसली ही आई!” त्यानंतर मिनिटभरात ते पिल्लू तिच्या स्तनाशी होते.

आपल्या गावाकडे कोणी असे काही पाहिले असेल तर अवश्य लिहावे, मात्र माकड होते की वानर, तेवढे सांगावे.

पाणंद | १४ जून, रात्री ९.१५

ताई, नमस्कार. मी राधानगरीच्या वरच्या अंगाचा शेतकरी आहे. आमच्याकडे माकडालाही वांदर म्हणतात आणि वानरालाही वांदरच म्हणतात, पण तुम्ही विचारले म्हणून सांगतो, की मी लिहितो आहे ती काळ्या तोंडाची वानरे. भाताच्या तरव्यापासून फणसापर्यंत त्यांनी काही सोडलेले नाही. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी एका कार्यालयाच्या पायऱ्या मी दोन वर्षे झिजवल्या, पण तो विषय येथे नको.

गेल्या वर्षी आमच्या खळ्याशेजारच्या आंब्यावर एक वानरी व्याली. पिल्लू अगदी काळपट होते, आई मात्र राखाडी. त्याच दिवशी दुपारी ते पिल्लू तिच्याजवळ नव्हते. एका तरण्या मादीने घेतले, तिच्याकडून दुसरीने ओढून घेतले, तिने एका तंगडीला धरून उलटे लोंबकळत ठेवले, ते ओरडत होते, आणि आई दोन फांद्या पलीकडे निवांत पाला खात बसली होती. आमच्या आईने ते पाहिले आणि म्हणाली, की पाचवी पुजायच्या आत एवढे हात लागलेले बाळ आम्ही कधी पाहिले नाही. तुमची माकडीण पिल्लाला खाली ठेवत नाही आणि आमची वानरी पहिल्याच दिवशी वाटून टाकते, हे कसे काय?

करवंदजाळी | १५ जून, सकाळी ६.५०

पाणंददादा, या धाग्यावर मला हवा होता तो प्रश्न तुम्ही पहिल्याच प्रतिसादात विचारलात.

वानरांमध्ये नवजात पिल्लू जन्मानंतर काही तासांतच इतर माद्यांच्या हाती जाते, आणि दिवसाचा बराच भाग ते आईपासून दूर असू शकते. पिल्लाचा तो काळपट रंग पुढे काही महिन्यांत फिका होतो. तो रंग असेपर्यंत माद्यांची झुंबड असते. घेणाऱ्यांमध्ये अजून न व्यालेल्या तरुण माद्या पुष्कळ असतात. त्यांची पकड अडाणी असते, कंटाळा आला की त्या पिल्लू फांदीवर ढकलून देतात, आणि तरीही आईला दोन्ही हात मोकळे ठेवून खायला वेळ मिळतो. तुमची वानरी निवांत दिसली, ती त्या वेळात पोट भरून घेत होती.

माकडिणीला असे करणे परवडत नाही, कारण त्यांच्या माद्यांमध्ये मानाची उतरंड फार कडक असते. मुलगी आईच्या लगेच खालच्या पायरीवर येते आणि बहिणींमध्ये पुष्कळदा धाकटी थोरलीच्या वर चढते. शुन्झो कावामुरा यांनी जपानी माकडांत हे १९५८ साली नोंदवले. अशा टोळीत वरच्या घराण्यातील मादीने खालच्या मादीचे पिल्लू उचलले, तर ते परत मागण्याची खालचीची हिंमत होत नाही, आणि घेणारीच्या अंगाला दूध नसेल तर पिल्लू उपाशी मरते. म्हणून माकडिणीला घट्ट धरून बसावे लागते. लिओनार्ड रोझेनब्लूम यांनी १९६० च्या दशकात टोपी माकडे आणि डुकरासारख्या आखूड शेपटीची माकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा आपली टोपी माकडे त्या मानाने सैल हाताची निघाली. त्यांच्या माद्या एकमेकींना बिलगून बसत, आणि आईला दूर केले तरी तिच्या पिल्लाला दुसरी मादी जवळ करी. आखूड शेपटीच्या माकडांची पिल्ले मात्र अशा वेळी कोपऱ्यात मुडपून बसत.

पिल्लू पाहायला येणाऱ्या माद्या रिकाम्या हाताने येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्या आधी आईजवळ बसतात, तिच्या पाठीचे केस निवडतात, आणि मग हळूच पिल्लाच्या शेपटीला बोट लावतात. बबून आणि लांबशेपटी माकडे यांच्या अभ्यासात असे दिसले आहे, की टोळीत पिल्ले थोडी असतात तेव्हा पिल्लाला हात लावण्यासाठी अधिक वेळ अंग साफ करून द्यावे लागते, आणि पिल्लांची रेलचेल असते तेव्हा भाव उतरतो. शाहू मार्केट यार्डात गुळाची आवक वाढल्यावर जे होते, तेच.

तिरकस | १५ जून, दुपारी १.३०

धागा माहितीपूर्ण आहे, परंतु मला दोन शंका आहेत. पहिली अशी, की हौदाची गोष्ट रोजच्या वागण्याविषयी नाहीच. ती जिवावर बेतल्यावर काय होते त्याविषयी आहे, आणि त्या बाबतीत निसर्ग बिरबलाच्या बाजूने उभा दिसतो. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळ वानरांचा अभ्यास केला होता. धारवाड येथून काही दूर नाही. तेथे बाहेरून आलेल्या नराने टोळी ताब्यात घेतल्यावर अंगावरची पिल्ले मारली गेली, आणि त्या पिल्लांच्या आया पुढे त्याच नराशी रत झाल्या. हे आईपण म्हणायचे का?

दुसरी शंका लेखिकेविषयी आहे, राग नसावा. ‘खात्री करी’, ‘हक्क सोडला’, ‘शेजारीण राखणे’ ही भाषा माणसाची आहे. कानतुटीने शेंग काढून घेतली, ती तिला हवी होती म्हणून घेतली. त्यात दुधाचा हिशेब आपण मागाहून भरला.

रात्रपाळी | १६ जून, पहाटे ४.२०

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे, त्यामुळे वानरांविषयी अधिकाराने बोलणार नाही, पण ‘आई झाली की सगळे आपोआप येते’ या समजुतीविषयी मात्र बोलेन. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे हॅरी हार्लो यांनी लाल तोंडाच्या माकडांची पिल्ले जन्मतःच आईपासून तोडून वाढवली. तारेची आई आणि मऊ कापडाची आई, हे प्रयोग पुष्कळांनी वाचलेले असतील. त्यापुढची हकिगत कमी लोक सांगतात. अशा एकाकी वाढलेल्या माद्यांना पुढे पिल्ले झाली, तेव्हा त्यांतील अनेकींनी पहिल्या पिल्लाकडे ढुंकून पाहिले नाही, काहींनी त्याला चावे घेतले. दूध होते, संप्रेरके होती, आणि तरीही पिल्लू कसे धरायचे ते ठाऊक नव्हते. त्याच माद्यांपैकी बऱ्याचजणी दुसऱ्या पिल्लाशी पुष्कळ बरे वागल्या.

प्रयोग क्रूर होता आणि आज तसा करू देणार नाहीत, परंतु त्यातून जे कळले ते माझ्या रोजच्या कामाचे आहे. आमच्याकडे पहिलटकरणीच्या उशाशी तिची आई किंवा सासू बसलेली असते. ती बाळाची मान हाताच्या खळग्यात कशी धरायची ते शब्दांनी सांगत नाही, नुसती करून दाखवते. करवंदजाळीताई, तुमच्या नवखीविषयी तुम्ही अजून काही लिहिलेले नाही.

करवंदजाळी | १६ जून, सकाळी ८.०५

रात्रपाळी, नवखीविषयी लिहिले नाही, कारण तिच्याबाबत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती सांगायला लाज वाटत होती.

पहिल्या दिवशी नवखीने पिल्लू उलटे धरले होते. डोके खाली, शेपटी तिच्या हनुवटीशी. ते वळवळत स्तनाकडे चढू पाही, ती त्याला पुन्हा खाली सरकवी, मग उचलून तोंडासमोर धरून पाही आणि पुन्हा उलटेच पोटाशी लावी. हा खेळ दुपारपर्यंत चालला. म्हातारी हातभर अंतरावर बसून होती, तिने काही शिकवल्याचे मला दिसले नाही, पण नवखी तिच्यापासून हलली नाही. दुसऱ्या दिवशी पिल्लू सरळ होते. ते तिने केले की पिल्लाने, ते मी खात्रीने सांगू शकत नाही. पिल्लाची पकड जन्मतःच बळकट असते आणि धडपडत स्तन शोधण्याचे काम बरेचसे तेच करते.

यानंतर जे दिसले ते पुस्तकात वाचलेले होते, पण प्रत्यक्ष पाहताना अंगावर काटा आला. नवखी पिल्लाला समोर धरून त्याच्या डोळ्यांत पाहत असे आणि ओठ भरभर चपचपवत असे. माकडांमध्ये ही सलोख्याची खूण आहे. लाल तोंडाच्या माकडांमध्ये पहिल्या महिन्यात आई आणि पिल्लू असे एकमेकांना टक लावून पाहतात आणि पिल्लूही ओठ चपचपवून उत्तर देते, हे इटालियन संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले.

आता चूक. पिल्लू तीन आठवड्यांचे असताना नवखीच्या मांडीवरून उतरून आमच्या दगडी गडग्यावर आले आणि घसरून आतल्या बाजूला, माझ्या पायाशी पडले. ३१ वर्षे मुलांना ‘वन्य प्राण्याच्या पिल्लाला हात लावू नका’ असे सांगणारी मी खाली वाकले. हात पिल्लापर्यंत पोहोचलाही नव्हता. नवखी, कानतुटी आणि एक नर एकदमच अंगावर आले. नवखीने माझ्या मनगटावर नखांनी ओरबाडले आणि पिल्लू घेऊन ती गेली. रेबीजच्या लशीचे सगळे डोस मी घेतले. पुढचा आठवडाभर मी परड्यात दिसले की नवखी पिल्लाची शेपटी मुठीत धरून ठेवी, आणि ते हिसडा देऊन लांब गेले की आपलीच मांडी खाजवू लागे. हे खाजवणे पिसवांचे नसते. पिल्लू धोक्याच्या जागेकडे जाते तेव्हा आई अधिक खाजवते, असे दारिओ मायस्ट्रिपिएरी यांनी लाल तोंडाच्या माकडांत मोजून दाखवले आहे. तिरकस, ‘काळजी’ हा शब्द तुम्हांला माणसाचा वाटेल, पण खाजवणे मोजता येते. शेंगेबाबत मात्र तुमचे म्हणणे मान्य आहे. ती तिने स्वतःसाठीच घेतली. मी एवढेच म्हणते, की पाजणारीच्या पोटात गेलेला दाणा पिल्लाच्या विरुद्ध जात नाही.

मसाई_पठार | १६ जून, रात्री १०.५०

मी शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि चैत्र यात्रेच्या काळात वाडी रत्नागिरीला स्वयंसेवक म्हणून असतो. जोतिबाच्या पालखीवर आणि शिखरांवर गुलालासह खोबरे उधळले जाते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. यात्रेच्या दिवसांत डोंगराच्या उतारावर खोबऱ्याचे तुकडे, केळी, पेढ्यांचे बॉक्स यांचा खच असतो, आणि पुढच्या आठवड्यात काहीही नसते. त्यानंतर सुटीच्या दिवशी मोटारी येतात, पुन्हा वेफर्सची पाकिटे. यात्रा नेमकी पिल्लांच्या मोसमात येते. याचा आयांवर परिणाम होत असेल का?

करवंदजाळी | १७ जून, सकाळी ७.००

होत असावा असे मानायला सबळ कारण आहे, आणि ते कारण आपल्याच टोपी माकडावर केलेल्या प्रयोगातून आले आहे. रोझेनब्लूम आणि पॉली यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात पिल्ले असलेल्या माद्यांचे गट केले होते. एका गटाला अन्न सहज मिळे, दुसऱ्याला रोज शोधून काढावे लागे, आणि तिसऱ्याला काही दिवस सहज तर काही दिवस कष्टाने, असे अनिश्चित मिळे. पोटाला तिघांनाही पुरेसे होते. रोज कष्ट करणाऱ्या माद्यांची पिल्ले ठीक वाढली. बिघडले ते तिसऱ्या गटात. तेथे आया आपापसांत अधिक भांडत, पिल्लाच्या ओढीला वेळेवर प्रतिसाद देत नसत, आणि पिल्ले आईला चिकटून राहून नव्या वस्तूकडे जायला बिचकत. याचा अर्थ आईला कष्ट जड जात नाहीत, आज मिळेल की नाही हे न कळणे जड जाते.

आमच्या रस्त्याच्या वळणावर रविवारी मोटारी थांबतात आणि लोक पुण्य म्हणून केळी फेकतात. त्या दिवशी कानतुटीचे वेळापत्रक पार कोलमडते. वरच्या घराण्यातील माद्या आणि नर रस्ता अडवून बसतात, ती पिल्लासह कुंपणावर ताटकळते, मोटार निघाली की डांबरावर उतरते, आणि मागून दुसरी मोटार येत असते. ज्यांना पिल्लू घेतलेली माकडीण दिसली की हात पिशवीत जातो, त्यांनी तेवढा हात आवरला तर फार बरे होईल.

चिंचगूळ | १७ जून, दुपारी ३.४०

एक विचारायचे होते. चार वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या घाटात मी एक माकडीण पाहिली. तिच्या हातात पिल्लू होते, पण ते मेलेले होते, वाळून चामड्यासारखे झाले होते. ती त्याला एका हाताने छातीशी धरून चढत होती, खायला बसली की बाजूला ठेवी आणि उठताना आठवणीने उचली. मी तेव्हा स्वतः बाळंतपणातून नुकतीच उठले होते आणि ते दृश्य मनातून जात नाही. तिला ते मेल्याचे कळत नसते का?

रात्रपाळी | १७ जून, रात्री ११.३०

चिंचगूळ, हे वाचून थांबले. मला जे वाचल्याचे ठाऊक आहे तेवढे सांगते. २०२१ साली माकड-वानरांच्या कुळातील ५० प्रजातींमधील ४०९ नोंदी एकत्र करून एक अभ्यास झाला, आणि त्यांतील सुमारे ८० टक्के प्रजातींत आई मेलेले पिल्लू बाळगते असे दिसले. तरुण आया अधिक वेळा बाळगतात. त्या पिल्लाला जिवंत पिल्लासारखे धरतातच असे नाही. पुष्कळदा एका हाताने, कधी शेपटीला धरून, कधी ओढतही नेतात, आणि आपले जिवंत पिल्लू तसे त्या कधीच नेत नाहीत. यावरून काहींना वाटते, की काहीतरी निराळे झाले आहे हे आईला उमगते, आणि तरीही हात सुटत नाही. तुम्ही पाहिलेली बाजूला ठेवून खात होती, हे मला त्यातलेच वाटते.

पाणंद | १८ जून, सकाळी ५.५५

आमच्या आईला हे सगळे वाचून दाखवले. तिने एकच विचारले, की टोळीतल्या बाकीच्यांना कोणाचे पिल्लू कोणाचे ते कळते का. आमच्या गोठ्यात रेडकू ओरडले तर त्याचीच म्हैस मान वळवते.

करवंदजाळी | १८ जून, सकाळी ७.१५

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचा हा प्रश्न अंबोसेलीतच, डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांनी व्हर्वेट माकडांना विचारला होता. पिल्लाचे किंचाळणे ध्वनिमुद्रित करून झुडपात लपवलेल्या ध्वनिवर्धकातून ऐकवले, तेव्हा त्याच्या आईने ध्वनिवर्धकाकडे पाहिले, आणि शेजारच्या इतर माद्यांनी त्या आईकडे पाहिले. १९८० साली हे प्रसिद्ध झाले. म्हशीच्या पुढे एक पाऊल आहे ते हेच.

तिरकस, तुमच्या धारवाडच्या मुद्द्याकडे मी मुद्दाम उशिरा येते आहे. सारा ब्लॅफर हर्डी यांनी १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर वानरांमधील तोच प्रकार पाहिला, आणि त्या वेळी आयांचे बदललेले वागणेही पाहिले. त्या नव्या नराला टाळत, आणि वयस्क माद्या, ज्यांना स्वतःचे पिल्लू नाही अशाही, त्या नरावर धावून जात. प्रतिकार हरला म्हणजे तो झालाच नव्हता असे नाही. पुढे त्याच नरापासून दिवस जाणे, हेही आपल्याला कितीही कडू वाटले तरी, पाजणे थांबले की अंडोत्सर्ग पुन्हा सुरू होतो या साध्या शरीरधर्मातून येते.

तिरकस | १८ जून, दुपारी १.१०

मान्य. मग हौदाचा निकाल काय लावायचा?

करवंदजाळी | १८ जून, सायंकाळी ६.३०

हौदाचा एक दोष असा, की माकड पोहते. गोष्ट रचणाऱ्याने खांब ठेवला, काठ मात्र कोठे आहे ते सांगितले नाही. दुसरे असे, की जिवंत राहिलेली माकडीण पुन्हा विऊ शकते, आणि आई गेलेले दूधपिते पिल्लू बहुधा वाचत नाही. म्हणजे आईने पिल्लासाठी बुडणे हा सौदा पिल्लाच्याही फायद्याचा नाही. प्रत्यक्षात तिच्यापुढे हौद येत नाही, उंबर येतो. शेंड्याकडे पिकलेले फळ आहे, बुंध्याशी सुरक्षित जागा आहे, अंगावर वजन आहे, आणि टोळी निघायला घटकाभर उरला आहे. हे ती दिवसातून कितीतरी वेळा सोडवते, कधी चुकतेही. पिल्लू मोठे होऊ लागले की उत्तर पुन्हा बदलते. या आठवड्यात कानतुटीने पिल्लाला दोनदा स्तनापासून लोटले. ते जमिनीवर लोळून असे किंचाळले, की आमच्या शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. तिसऱ्यांदा तिने पाजले.

मसाई_पठार आणि आणखी कोणाला रविवारी यायचे असेल तर सकाळी ६ च्या आत यावे, कारण टोळी ७ नंतर वाघबीळच्या वळणाकडे सरकते. खाण्याचे काही आणू नये, विशेषतः कुरकुरणारी प्लास्टिकची पिशवी नको, तिचा आवाज त्यांना लांबून कळतो. गडग्याच्या अलीकडेच बसायचे आहे. चहा मी करीन. नवखी मला अजून ओळखते, म्हणून मी तुमच्या मागे बसेन.